आधी किराण्याची बिलं काढा

प्रश्न थोडक्यात असा: "घरात आम्ही सहा जण. मी, नवरा, सासू-सासरे, बारा वर्षांची मुलगी, सात वर्षांचा मुलगा. सासऱ्यांना मधुमेह, गोळ्या चालू आहेत. नवऱ्याचे ट्रायग्लिसराइड्स (रक्तातली चरबी) वाढलेत. महिन्यापूर्वी मी ठरवून मैदा, साखर, पांढरा तांदूळ, बिस्किटं, फरसाण सगळं बंद केलं. ब्राउन राइस, किनवा, ओट्स, चिया आणलं. आठवडाभर बरं चाललं. आता सासूबाई स्वतःपुरता वेगळा भात लावतात, मुलगा डबा तसाच परत आणतो, नवरा बाहेर खाऊन येतो आणि मी रोज दोन स्वयंपाक करते. माझं काय चुकलं?"

ताई, हेतूत काही चूक नाही, घाई झाली. भात, पीठ, नाश्ता, डबा, मुलांचा खाऊ, सगळं एकाच महिन्यात पालटलंत आणि तेही एकटीच्या निर्णयानं. घरातल्या कुणालाच आपल्या ताटात उद्या काय येणार हे माहीत नव्हतं. मग ज्याला जशी वाट सापडली तशी त्यानं ती काढली. सासूबाईंनी वेगळा कुकर लावला, नवऱ्यानं बाहेरची गाडी गाठली.

मी पुण्यात बावीस वर्षं आहारसल्ल्याचं काम करते. पहिली पाच-सहा वर्षं मीही छापील तक्ते वाटले. सात वाजता चार बदाम, आठ वाजता वाटीभर ओट्स, अकराला एक फळ, असले. एक बाई दोन महिन्यांनी परत आल्या. तक्ता नवऱ्याचा होता, त्याचं वजन जागच्या जागी आणि बाईंचंच चार किलोंनी उतरलेलं. त्याचं वेगळं, बाकीच्यांचं वेगळं रांधता रांधता त्यांना स्वतःला धड बसून जेवायला मिळत नव्हतं. तेव्हापासून तक्ते देणं मी सोडलं. आता पहिल्या भेटीत एकच गोष्ट मागते, मागच्या दोन महिन्यांची किराण्याची बिलं. काय खाता असं विचारलं की माणसं जे खायला हवं ते सांगतात. बिल खोटं बोलत नाही.

तुम्हीही आज तेच करा. हिशोबासाठी एक मोजपट्टी देते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद (आयसीएमआर) आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी मे २०२४ मध्ये भारतीयांसाठी आहाराची नवी मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात २००० कॅलरीच्या दिवसासाठी माणशी साधारण असं दिलंय: धान्य २५० ग्रॅम, डाळी-कडधान्यं ८५ ग्रॅम (अंडी-मासे-मटण खाणाऱ्यांनी यातच धरायचे), भाज्या ४०० ग्रॅम, फळं १०० ग्रॅम, दाणे-तीळ-जवसासारख्या तेलबिया आणि सुकामेवा मिळून ३५ ग्रॅम, तेल-तूप २७ ग्रॅम, दूध-दही ३०० मिली. मिठाची मर्यादा ५ ग्रॅम. साखरेची २५ ग्रॅम, आणि ती कमाल आहे, खाल्लीच पाहिजे असं नाही.

तुमच्या घरात दोन मुलांचं मिळून एका मोठ्या माणसाइतकं धरू. म्हणजे पाच माणसं. आता महिन्याचा गुणाकार करा. तेल-तूप मिळून चार किलोंच्या आसपास, म्हणजे जेमतेम साडेचार लिटर. मीठ पाऊण किलो. साखर, गूळ, बिस्किटातली, सरबतातली, जॅममधली सगळी गोडी मिळून जास्तीत जास्त पावणेचार किलो. आणि डाळी-कडधान्यं? जवळजवळ पावणेतेरा किलो.

इथं बहुतेक बायका पेन खाली ठेवतात. बिलात तेलाचे आठ लिटर दिसतात आणि तूरडाळ दोन किलो, मूगडाळ अर्धा किलो, हरभराडाळ अर्धा किलो, मटकी-चवळी पाव पाव किलो. म्हणजे सगळी मिळून साडेतीन किलो. पावणेतेरा कुठे, साडेतीन कुठे!

मला सांगायचंय ते हेच. आपल्या मराठी घरांत पांढरा तांदूळ हा खलनायक मानला जातो, पण खरा गोंधळ असतो तो वरण पातळ होत गेल्याचा. पाणीदार वरण, त्यात पोहणारे डाळीचे चार कण, शेजारी भाताचा डोंगर आणि चमचाभर बटाट्याची भाजी. अशा ताटात भात पांढरा असो की ब्राउन, सासऱ्यांची जेवणानंतरची साखर वर जाणारच. तोच आंबेमोहोर डावाऐवजी वाटीनं मोजून घेतला, वरण घट्ट केलं, एक वाटी उसळ आली आणि भाजी चमचाभराची वाटीभर झाली, तर ताट बदललं आणि सासूबाईंच्या भाताला हातही लावावा लागला नाही.

म्हणून पहिला महिना काहीही बंद करू नका. जे बंद केलंय त्यातला भातही परत आणा. खरंच. फक्त यादीत डाळी-कडधान्यं दुप्पट लिहा. एकदम पावणेतेरा किलोवर उडी मारलीत तर घरात सगळ्यांची पोटं फुगतील आणि दोष नव्या आहाराला लागेल. मटकी, मूग, हुलगे, चवळी, वाल, मसूर असं पालटून घ्या. आठ-दहा तास भिजवा, ते पाणी फेका, मोड येऊ द्या. त्यानं गॅस करणाऱ्या साखरा बऱ्याच कमी होतात आणि लोहही अंगी लागायला मदत होते. ताटात वरून लिंबू पिळा, लोहासाठी लिंबू फार कामाचं. जेवणावर लगेच चहा मात्र नको, तो नेमका उलटं करतो. हुलग्याचं पिठलं दहा मिनिटांत होतं, रात्री थकून आलात की त्यासारखं दुसरं काही नाही.

भाजीचा हिशोब तर आणखी लाजवतो. पाच माणसांना दिवसाला दोन किलो, आठवड्याला चौदा. कुणीच आणत नाही, मीही आणत नाही. पण आज पाच किलो येत असेल तर आठवर या. त्यातली निम्मी अशी आणा की जिला फोडणीच लागत नाही. काकडी, गाजर, मुळा, बीट, टोमॅटो, कांद्याची पात. कोशिंबीर करणाऱ्याचा हात दुखत नाही आणि तेलही वाचतं. जेवायला बसताना कोशिंबीर-उसळ आधी आणि भात-पोळी मागाहून, एवढा क्रम सासऱ्यांनी पाळला तरी साखरेचा चढ कमी होतो, हे मी ग्लुकोमीटरवर कितीतरी जणांना त्यांच्याच बोटातून दाखवलंय.

आता संध्याकाळचे पाच. माझ्या अनुभवात घराचा आहार बिघडतो तो जेवणात नव्हे, या वेळेला. मुलं शाळेतून आलेली, सासरे दुपारची झोप काढून उठलेले, चहा उकळतोय आणि डबा उघडला जातो. खारी, टोस्ट, बिस्किट, फरसाण. अमेरिकेत केविन हॉल आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. वीस माणसांना संशोधन केंद्रातच ठेवून दोन आठवडे कारखान्यातलं तयार अन्न आणि दोन आठवडे घरगुती धाटणीचं अन्न दिलं. समोर ठेवलेल्या अन्नात साखर, मीठ, चरबी, तंतू जुळते ठेवले होते आणि हवं तेवढं खायची मुभा होती. पाकिटातल्या अन्नाच्या दिवसांत तीच माणसं रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त खात होती. असं अन्न मऊ असतं, भराभर गिळलं जातं, पोट भरल्याची वर्दी मेंदूला मिळेपर्यंत पुडा संपलेला असतो. तेव्हा मुलगा हट्टी आहे, सासऱ्यांना ताबा नाही, असं म्हणण्यात अर्थ नाही. डबा समोर असेल तर तो उघडलाच जाणार.

तुमची चूक इथं एवढीच झाली की डबा रिकामा केलात आणि रिकामाच ठेवलात. तो भरा. फुटाणे, भाजलेले शेंगदाणे, ज्वारीच्या लाह्या, चुरमुऱ्यांचं भडंग (तेल मोजून), राजगिऱ्याची वडी, उकडलेली शेंग किंवा रताळं हंगामात. मुलांना घावन किंवा थालीपीठ. भाजणी घरात असली की पंधरा मिनिटांचं काम, आणि भाजणीत तर ज्वारी, बाजरी, गहू, तांदूळ, हरभराडाळ, उडीद सगळं एकत्र आलेलं असतं, त्यापुढे मल्टिग्रेन ब्रेडची काय कथा! त्या ब्रेडचं पाकीट उलटं करून वाचा. आपल्याकडच्या नियमानुसार घटक वजनाच्या उतरत्या क्रमानं लिहावे लागतात. पहिलं नाव मैद्याचं असेल आणि नाचणी शेवटून तिसरी, तर त्याला नाचणीचा ब्रेड म्हणायचं की नाही ते तुम्हीच ठरवा. बिस्किटाच्या पुड्यावरही आधी मैदा, मग साखर, मग पामतेल अशी रांग बहुधा दिसते. मुलीला हे वाचायला शिकवा. बारा वर्षांच्या मुलींना मोठ्यांचं खोटं पकडायला फार आवडतं.

आणि बिस्किटावर बंदी घालू नका. आठवड्याला एक पुडा आणा, तो संपला की संपला.

सासूबाईंबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण तुमच्या पत्रात एक वाक्य होतं: "त्या मूळच्या बार्शीकडच्या, भाकरीत वाढलेल्या, तरी आता भाकरी म्हटलं की तोंड फिरवतात." तुम्हाला ते अजब वाटलं. मला नाही वाटलं.

त्यांचं वय तुम्ही सत्तर सांगितलंत. म्हणजे १९७२ च्या दुष्काळात त्या सतरा-अठरा वर्षांच्या असणार. त्या पिढीला विचारून बघा, रेशनवर मिळालेली तांबडी मिलो ज्वारी, तिची तुटकी भाकरी, दुष्काळी कामावर खडी फोडून मिळणारी सुकडी. ज्यांनी ते दिवस काढले त्यांच्यासाठी गव्हाची पोळी आणि पांढराशुभ्र भात ही नुसती चव नसते. आपण त्यातून वर आलो याची ती खूण असते. सणाला होणारी पोळी रोज होऊ लागली, पाहुण्याला घातला जाणारा भात रोज शिजू लागला, यात त्यांच्या नवऱ्याची नोकरी, त्यांचे कष्ट, सगळं आलं. आणि आता सून सांगते, भात वाईट, पोळी कमी करा, भाकरी खा. त्यांच्या कानाला ते काय ऐकू येत असेल?

मी अशा घरांत सासूबाईंना वेगळं बसवून विचारते, तुमच्या माहेरी पौष-माघात काय शिजायचं? मग गाडी सुरू होते. हुरडा, पेंडपाला, ज्वारीच्या कण्या, घोळीची भाजी, अंबाडीची भाजी वरून लसणाची फोडणी, करडईची कोवळी पानं, जवसाची चटणी, कारळाची चटणी, बाजरीची भाकरी नि वर लोणी. ती यादी कागदावर घ्या. तुम्ही पैसे मोजून अमेरिका खंडातून आलेला किनवा आणि चिया घरात आणलात, आणि तंतू, खनिजं, चांगली चरबी हे सगळं देणाऱ्या पदार्थांच्या कृती जिच्या हातात आहेत ती बाई शेजारच्या खोलीत रुसून बसली आहे. तिला विचारा, "आई, जवसाची चटणी तुमच्या पद्धतीनं कशी करायची?" फोनवरची कृती बघू नका, त्यांनाच विचारा. जवस फार भाजले की कडवट होतात, ते कुठे थांबवायचे हे त्यांना वासावर कळतं.

भाकरीचं मात्र एक वास्तव मान्य करा. ती कष्टाची आहे. ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा धरून ठेवणारा ग्लुटेन नसतो, म्हणून पिठाला गरम पाणी लागतं, मळावं लागतं, एकेक थापावी लागते, तव्यापाशी उभं राहावं लागतं. सहा माणसांच्या भाकऱ्या रोज रात्री नोकरीवरून येऊन थापा, असं सांगणारी आहारतज्ज्ञ स्वतः थापत नसते. त्यात बाजारातलं पाकीटबंद पीठ बहुधा जुनं. विरी, म्हणजे चिकटपणा, गेलेल्या पिठाची भाकरी थापतानाच चिरते आणि आपल्याला वाटतं आपल्याला येत नाही. मालदांडी ज्वारी आणा, आठ-दहा दिवसांपुरतीच दळून आणा. आठवड्यातून दोन रात्री भाकरी, एवढंच ठेवा. बाकीच्या दिवशी पोळीच्या कणकेत पाचवा हिस्सा ज्वारीचं किंवा नाचणीचं पीठ मिसळलं तर कुणाच्या लक्षातही येत नाही. नाचणीत १०० ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, धान्यांत तिची बरोबरी करणारं कुणी नाही. सकाळी मुलाला नाचणीची आंबील किंवा सत्त्व जमलं तर उत्तमच. आणि जवळच्या पोळी-भाजी केंद्रात ताज्या भाकऱ्या मिळत असतील तर विकत आणा. त्यात कमीपणा कसला?

मुलाच्या डब्याचं. सात वर्षांच्या मुलाला किनवा पुलाव दिलात आणि तो परत आला, यात त्या बिचाऱ्याचं काय चुकलं? डबा ही प्रयोगाची जागा नव्हे. तिथं त्याला वेळ वीस मिनिटं, भोवती मित्र, आणि डब्यातला पदार्थ अनोळखी. डब्यात कायम ओळखीचं द्या आणि नवं काही असेल ते घरी, सुट्टीच्या दिवशी, चमचाभर, आवडीच्या पदार्थाशेजारी. एलिन सॅटर नावाच्या अमेरिकन आहारतज्ज्ञ बाईंनी वाटणी चांगली करून ठेवली आहे: काय, कधी आणि कुठे वाढायचं ते आईबापांनी ठरवायचं. खायचं की नाही आणि किती, ते मुलानं. "एक घास आईचा, एक घास बाबांचा" हे तिथंच संपतं. नवी भाजी मुलाच्या ओळखीची व्हायला ती आठ-दहा वेळा तरी ताटात दिसावी लागते. आपण दुसऱ्या वेळीच "त्याला आवडत नाही" असं जाहीर करून मोकळे होतो, तेही त्याच्यासमोर.

एक काळजी मात्र घ्या. लहान मुलाचं पोट लहान असतं, नुसत्या कोंड्या-सालांनी ते भरून जातं आणि वाढीला लागणारी कॅलरी मागे राहते. त्याच्या वरणभातावर तूप हवंच. नवऱ्याचे ट्रायग्लिसराइड्स वाढले म्हणून मुलाचं तूप तोडू नका. आणि तुम्ही शाकाहारी असाल तर बी-१२ कडधान्यांतून मिळत नाही, दूध-दही पुरेसं जातंय का बघा आणि सगळ्यांचीच एकदा तपासणी करून घ्या.

नवऱ्यासाठी मला ताटापेक्षा पेला जास्त महत्त्वाचा वाटतो. ट्रायग्लिसराइड्स वाढलेल्या माणसानं सर्वात आधी दारू आणि गोड पेयं बघायची. दिवसातून पाच चहा, प्रत्येकात दोन चमचे साखर, म्हणजे चाळीस-पन्नास ग्रॅम तिथंच झाली. दर आठवड्याला अर्धा चमचा कमी करत गेलात तर जीभ कुरकुरत नाही. बाहेर खाऊन येतो म्हणून भांडू नका, "घरी आल्यावर आधी वाटीभर उसळ खा, मग बाकीचं ठरव" एवढंच सांगा. उपाशी माणूसच वडापावच्या गाडीपाशी जास्त वेळ थांबतो.

काही प्रश्न न विचारता येतातच, म्हणून चटकन उरकते. साखरेऐवजी गूळ? मधुमेह्याच्या रक्ताला फरक कळत नाही, दोन्ही साखरच. खपली गहू चांगला, चवीला खमंग, पण खपलीच्या चार पोळ्या या चार पोळ्याच. लाकडी घाण्याचं तेल आवडत असेल तर घ्या, मात्र मोजमाप तेच, साडेचार लिटर. साबुदाण्याची खिचडी म्हणजे पिठूळपणा आणि तूप. सासऱ्यांच्या उपवासाला वरीचा भात आणि दाण्याची आमटी करा, वरीचंही प्रमाण बेतानं. आणि सासूबाईंची आषाढी असेल तर त्यांच्या खिचडीवर व्याख्यान नको.

सासऱ्यांच्या बाबतीत मात्र थट्टा नाही. मधुमेहाच्या काही गोळ्या आणि इन्सुलिन हे आधीच्या खाण्याच्या प्रमाणावर बेतलेले असतात. भात-पोळी अचानक निम्मी केली आणि गोळी तीच राहिली तर साखर एकदम उतरू शकते. घाम, थरथर, गोंधळल्यासारखं बोलणं असं काही दिसलं तर त्या क्षणी साखर-पाणी द्यायचं, तिथं पथ्य आड आणायचं नाही. बदल सुरू करण्याआधी त्यांच्या डॉक्टरांना सांगा, गोळीचा डोस तेच ठरवतील. रक्त पातळ ठेवायची वॉरफरिनची गोळी चालू असेल तर पालेभाज्याही अचानक वाढवू नका. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर डाळींबद्दल मी वर लिहिलेलं त्यांना लागू नाही, आणि बाजारात "कमी सोडियमचं" म्हणून मिळणारं मीठ तर मुळीच नको, त्यात पोटॅशियम असतं.

पहिला महिना डाळी आणि पाच वाजताचा डबा. दुसऱ्या महिन्यात तेल मोजणं: महिन्याचं तेल एका वेगळ्या बरणीत काढून ठेवा, त्यातूनच चालवा. त्यानंतर पीठ. भाताला सगळ्यात शेवटी हात लावा, तोवर बहुधा तो आपोआप कमी झालेला असतो, कारण ताटात जागाच उरत नाही. किनवा फेकू नका, महाग आहे. भाज्या घालून उपम्यासारखा करा, रविवारी सगळ्यांना थोडा थोडा. संपला की परत आणायचा की नाही ते घरातल्यांना विचारा.

सासऱ्यांची एचबीए१सी तपासणी रक्तातल्या साखरेची मागच्या सुमारे तीन महिन्यांची सरासरी दाखवते. तेव्हा ती आत्ता, महिन्यात करून निराश होऊ नका. घरच्या ग्लुकोमीटरवर डॉक्टर सांगतील तेव्हा बघत राहा, प्रयोगशाळेत तीन महिन्यांनी जा. जाताना त्या तीन महिन्यांची बिलं आणि आधीची दोन, दोन्ही मला पाठवा.